मनाचे वैद्य आणि आपला मुलूख
(अणदूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, वधूवरांची माहिती दिली जाते, शेतीव्यापाराच्या गोष्टी निघतात, नेत्रतपासणीची शिबिरे जाहीर होतात. मनाच्या आरोग्याविषयी मात्र येथे सहसा कोणी बोलत नाही. ती उणीव थोडी भरून काढावी या हेतूने आज आम्ही एका मनाच्या वैद्याचा परिचय करून देणार आहोत. ते वैद्य म्हणजे डॉ. मोहन आगाशे. त्यांची ज्ञाती कोणती, हा येथे प्रश्नच नाही. या मुलखाच्या सर्वांत मोठ्या दुःखाशी त्यांचे संशोधन जडलेले आहे, एवढे नाते आम्हांस पुरेसे वाटते.

आगाशे यांचा जन्म १९४७ साली भोर येथे झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, मनोविकारशास्त्र हा विशेष विषय निवडला आणि पुढे तेथेच त्या विषयाचे अध्यापन केले. त्या महाविद्यालयास जोडलेले ससून रुग्णालय हे गोरगरिबांचे रुग्णालय होय. महाराष्ट्रास मात्र त्यांची ओळख प्रथम नट म्हणून झाली. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातील त्यांचा नाना फडणवीस देशोदेशी गाजला. पुढे १९८६ च्या सुमारास जर्मनीतील ‘ग्रिप्स’ ही बालनाट्याची चळवळ त्यांनी पुण्यात आणली. राजाराणीच्या गोष्टी बाजूला ठेवून मुलांच्या खऱ्या अडचणी, त्यांची भीती आणि त्यांचा एकटेपणा रंगमंचावर मांडणे, हे त्या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मनाच्या क्षेत्रात काम करणारे दोन प्रकारचे तज्ज्ञ असतात. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो, एम. बी. बी. एस. झाल्यावर तो या विषयात आणखी तीन वर्षे शिकून एम. डी. होतो आणि औषध देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण महाविद्यालयात मानसशास्त्र विषय घेऊन एम. ए. पर्यंत होते. रुग्णांवर उपचार करावयाचे असल्यास त्याला पुढे रुग्णालयात अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली प्रशिक्षण घ्यावे लागते आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. तो चाचण्या घेतो, संभाषणाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने उपचार करतो, पण औषध देत नाही. आगाशे हे पहिल्या प्रकारचे तज्ज्ञ आहेत. परंतु दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही.

या दोघांचे पहिले काम ऐकणे हे होय. आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा अंगाच्या दुखण्याचा वेष घेऊन येते. कोणाचे डोके वर्षभर दुखते, कोणाच्या छातीत धडधडते, कोणाचे अन्नावरील मन उडते. तपासण्या सगळ्या निर्दोष निघतात. झोप कशी आहे, कामात लक्ष लागते काय, घरात कोणाशी बोलणे होते काय, जगणे नकोसे वाटते काय, असे साधे प्रश्न विचारीत तज्ज्ञ मूळ दुखण्यापर्यंत पोहोचतो.

१९९१ साली पुण्यास महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि आगाशे तिचे संस्थापक संचालक झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. औसा व उमरगा या तालुक्यांत हजारो माणसे दगावली. त्या पहाटेविषयी या सभेतील वडीलधाऱ्यांस आम्ही अधिक काय सांगावे?

सरकारने पडलेली घरे मोजली, मृतांची नोंद केली, जागतिक बँकेचे साहाय्य आले, पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसली. हे सारे आवश्यकच होते. परंतु जो वाचला त्याच्या मनाचे काय झाले, याची नोंद कोणत्या पंचनाम्यात होणार? ती नोंद करण्याचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पाने हाती घेतले आणि आगाशे त्याचे प्रमुख संशोधक होते. भूकंपाचे आरोग्यावर, विशेषतः मानसिक आरोग्यावर, कोणते परिणाम होतात हा त्याचा विषय होता. पाहणीबरोबर उपचारही व्हावेत, ही त्यामागील दृष्टी होती.

अशा आपत्तीनंतर काय घडते, हे शास्त्राने आता ओळखले आहे. झोपेत दचकून उठणे, पत्र्याचा आवाज होताच बाहेर धावणे, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, ‘लेकरू गेले आणि मी का राहिलो’ ही टोचणी लागणे, ही त्याची लक्षणे होत. पुष्कळांची ही अवस्था काही महिन्यांत आपोआप निवळते. काहींची वर्षानुवर्षे टिकते, आणि त्यांना उपचार लागतात. त्यात गाव हलले की आणखी एक आघात होतो. आपला खंडोबा वर्षातील काही काळ नळदुर्गास जातो, पण ठरल्या दिवशी अणदुरास परत येतो. भूकंपग्रस्त मात्र नव्या गावठाणात गेला तो गेला. जुना पार, जुनी गल्ली आणि शेजार त्याला परत मिळाला नाही. घर सिमेंटचे झाले म्हणून मनाची भिंत उभी राहत नाही.

रुग्णालयात येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून आगाशे यांनी चित्रपटाचे साधनही वापरले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. याच दिग्दर्शकांचा ‘कासव’ हा खिन्नतेच्या विकाराविषयीचा चित्रपट. त्याच्या निर्मितीत आगाशे यांचा वाटा होता आणि २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्यास मिळाले. असे चित्रपट पाहून लोकांनी बोलते व्हावे, हाच त्यांचा उद्देश.

आता आपल्या घरची गोष्ट. ज्ञातिमंडळ आणि विवाह यांचा संबंध निकटचा आहे, म्हणून हे येथेच बोलले पाहिजे. मुलगा एकलकोंडा झाला, कानांत आवाज येतात म्हणू लागला, की घरचे प्रथम ते दडवितात. बहिणीचे लग्न मोडेल ही धास्ती असते. मग ‘लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल’ असा सल्ला मिळतो. लग्न हे औषध नव्हे. त्यामुळे रोग बरा होत नाही, आणि परक्या घरची एक निरपराध मुलगी दुःखात ओढली जाते. वेळीच उपचार झाले, तर पुष्कळ रुग्ण सुधारून कामधंदा करू लागतात. ज्या काळात उपचार सर्वांत गुणकारी ठरावयाचे, तोच काळ आपण लपवाछपवीत घालवितो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नापिकी आणि कर्ज यांनी खचून आपल्या जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव दिला, हे आपण जाणता. जो मनुष्य अकस्मात अबोल होतो, देणीघेणी निकालात काढू लागतो, निरोपाची भाषा बोलतो, त्याला एकटे सोडू नये. ‘जीव नकोसा झाला आहे का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन हलके होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. त्यावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. तो प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

याच अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. कमी शिकलेली स्त्रीदेखील नीट शिकविल्यास आरोग्याचे काम करू शकते, हे आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले आहे. मनाची काळजीही याच वाटेने घरोघर जाऊ शकेल.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी एक मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र शिकणाऱ्या मुलासाठी अथवा मुलीसाठी राखून ठेवावी. आणि पुढील मेळाव्यात नेत्रतपासणीच्या शेजारी मनाच्या तज्ज्ञासही एक खोली द्यावी, जिच्या दाराशी कोणाचे नाव पुकारले जाणार नाही.

 येळकोट येळकोट जय मल्हार!