आडनाव विचारले, म्हणजे काय विचारले?



बोलण्याचा अर्थ त्याच्या संदर्भात तपासणाऱ्या अभ्यासास संभाषित-विश्लेषण म्हणतात. मॅलिनोवस्की यांनी १९२३ साली प्रसंग-संदर्भाची कल्पना मांडली. १९५२ साली झेलिग हॅरिस यांनी 'डिस्कोर्स ॲनॅलिसिस' या शीर्षकाचा निबंध लिहिला. आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांस हे नवे नाही. रुग्ण 'बरे आहे' म्हणतो, तेव्हा आम्ही त्याचा चेहराही वाचतो.

'आपले आडनाव काय?' हा प्रश्न घ्या. येथील दवाखान्याच्या खिडकीवर तो केवळ नोंदीसाठी असतो. मायदेशी भाड्याचे घर शोधताना तोच प्रश्न पुष्कळदा जात विचारतो. शब्द तेच, विचारणारा, स्थळ आणि उत्तरावर उघडणारे वा मिटणारे दार निराळे. येथीलच मेजवानीत एखादा देशबांधव तो विचारतो, तेव्हा जुना अर्थही समुद्र ओलांडून आलेला असतो.

मुले विचारतात, "बाबा, नाव सांगताना तुम्ही क्षणभर थांबता का?" तो क्षण शब्दकोशात सापडत नाही. तो आम्हीच त्यांना उलगडून सांगितला पाहिजे. अन्यथा आमची भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचेल. अर्थ मात्र वाटेतच राहील.

जयभीम!