अंगाला बसेल ते साधन



गोदाकाठच्या या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, म्हणजे तो महागाईवर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. मी आज निराळ्याच विषयावर बोलणार आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पाण्याखाली जायला शिकणाऱ्या नवशिक्याने स्वतःचे म्हणून कोणते साहित्य घ्यावे, हा तो विषय. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

निमित्त असे घडले. आमच्या संघटनेतल्या एका फिटरची मुलगी मालवणजवळ तारकर्लीला स्कूबाचे प्राथमिक शिक्षण घ्यायला निघाली. तेथे पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. बाप पतपेढीतून उचल मागायला माझ्याकडे आला. हातात दुकानदाराने करून दिलेली यादी. मास्कपासून मनगटावरच्या संगणकापर्यंत सारे तिच्यात होते, आणि बेरीज त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी! "भाऊ, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. महागातले घेतले म्हणजे काळजी मिटली," तो म्हणाला.

हे वाक्य मला झोंबले. त्याचे कारण सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही भांडून डोळ्यांचे संरक्षक चष्मे मिळवले. माल चांगला होता, पण सगळे एकाच मापाचे. घाम आला की घसरत, वाफ धरत. ग्राइंडिंगवरच्या एका कामगाराने ते कपाळावर चढवून ठेवले आणि पोलादाचा कण त्याच्या डोळ्यात शिरला. डोळा गेला. चौकशीत कागद पुढे आला, 'चष्मे मिळाले.' त्या कागदावर कामगारांच्या वतीने सही माझी होती. किंमत पाहिली, संख्या मोजली, पण एकालाही 'घालून दाखव' म्हटले नाही. जे साधन अंगाला बसत नाही ते अंगावर राहत नाही, हे मी दुसऱ्याच्या डोळ्याच्या मोलाने शिकलो.

म्हणून त्या बापलेकीला घेऊन यादी वाचायला बसलो. यादीचे आम्ही दोन भाग केले. जे चेहऱ्याला आणि पायाला भिडते, ते शक्य तर स्वतःचे. ज्यात यंत्र आहे, ते संस्थेचे.

पहिला मान मास्कचा. पोहण्याचा साधा चष्मा येथे चालत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मास्कमध्ये नाक आत असते, म्हणून नाकातून थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. नाक बाहेर राहिले तर डोळ्यांवर ओढ बसते. पारख सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास ओढावा आणि हात सोडावा. तो चिकटून राहिला तर आपला. निसटला तर कितीही महाग असो, परत द्यावा. केस आत अडकू देऊ नयेत. माझ्यासारख्या मिशाळ माणसाच्या मिशीवाटे पाणी झिरपते. नाकाखालची थोडी मिशी काढली तर उपयोग होतो. काच टेम्पर्ड असावी, कड मऊ सिलिकॉनची असावी. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचा बसवता येतात. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने घासून काढावा, नाहीतर वाफ धरते.

दुसरी स्नॉर्कल, म्हणजे पृष्ठभागावर तोंड पाण्यात ठेवून श्वास घेण्याची नळी. ती साधी, आखूड घ्यावी. लांब नळी घेतली की खोल जाता येईल, हा भ्रम आहे. एक मीटरभर खाली गेले तरी पाण्याच्या दाबापुढे छाती फुलेनाशी होते, आणि सोडलेली हवाच नळीतून परत येते.

तिसरे पायाचे पंख, फिन्स. उबदार पाण्यात पाऊल पूर्ण झाकणारे चालतात. खडकांतून चालत उतरायचे असेल तर रबरी बूट आणि मागे पट्टा असलेले बरे. बोटे चिमटू नयेत, टाच निसटू नये. लांब, ताठ पात्यांचा नवशिक्याने मोह धरू नये. पोटरीत गोळे येतात. दुकानात संध्याकाळी जावे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. हे आम्ही बूट घेतानाच शिकलो आहोत.

उरलेले, म्हणजे टाकी, रेग्युलेटर, हवेचे जाकीट, वजनाचा पट्टा आणि सूट. 1943 साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी श्वासागणिक हवा देणारे यंत्र सिद्ध केले. आजचा रेग्युलेटर त्याच जातीचा. त्याची वेळोवेळी दुरुस्ती लागते, आणि ती जाणकाराकडूनच. नवशिक्याने हे विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही. मात्र भाड्याचे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारावे. रेग्युलेटरमधून दोन-चार श्वास घेत दाबमापकाकडे पाहावे. काटा खालीवर झाला तर टाकीची झडप पुरती उघडलेली नसण्याचा संभव असतो. सोबत्यासाठी असलेले दुसरे मुखयंत्र चालते का? जाकीट हवा धरते का? वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का?

आणखी एक गोष्ट कोणत्याच दुकानात मिळत नाही, ती म्हणजे सवड. 1870 च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईसचा पूल बांधताना नदीतळाशी दाबाच्या हवेत राबलेले मजूर वर आल्यावर सांधे धरून तळमळत, काही दगावले. रक्तात मुरलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी बाहेर पडतो, त्याचा हा रोग. 1908 साली हॉल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. आजचा मनगटी संगणक त्याच विचाराचा वारस आहे. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. म्हणून मी त्या मुलीला बजावले, "पाण्यातून निघून लगेच घाट चढू नकोस. रात्रभर खालीच राहा." विमानासाठीही निदान 12 तास, आणि बुड्या अनेक झाल्या असतील तर 18 तास थांबण्याचा सल्ला देतात.

शेवटी उचल लागली ती मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स एवढ्यापुरतीच. तिने पाच मास्क परत केले, सहावा घेतला. दुकानदार वैतागला म्हणे. तारकर्लीहून तिचा फोन आला, "काका, मी रेग्युलेटरची तपासणी कधी झाली ते विचारलं. सरांनी वही आणून दाखवली. मग आमच्या तुकडीतल्या सगळ्यांनीच विचारलं."

बंधुभगिनींनो, त्या कारखान्यात असा प्रश्न मी विचारला असता, तर एक डोळा वाचला असता. आता आमच्या संघटनेत नियम केला आहे. साधन प्रत्येकाच्या अंगावर घालून पाहिल्याशिवाय वाटपाच्या कागदावर कोणी सही करायची नाही. आपल्या घरचे मूल समुद्रात उतरो की कारखान्यात, त्याला एवढे विचारायला शिकवा.