माहेर मागून घ्यावं लागतं: जर्मनीतलं बाळंतपण आणि आरोग्य विमा

तुम्ही इंदूरहून ऐकत असाल, बडोद्याहून, हैदराबादहून किंवा बेळगावहून. तुमच्या घरातली एखादी मुलगी, सून किंवा बहीण जर्मनीला निघाली असेल, तर आजचं बोलणं तिच्यासाठी आहे. आणि तिच्या आईसाठीही, कारण रोज व्हिडिओ कॉलवर "अगं, डॉक्टरकडे जाऊन आलीस का?" हे विचारणारी तीच असते.

मी जर्मनीत राहते, माझी मुलगी इथेच झाली. नव्याने आलेल्या मराठी मुलींबरोबर मी डॉक्टरकडे, विम्याच्या ऑफिसात, जन्मनोंदणीच्या कचेरीत जाते. जर्मन बोलणारं कुणी सोबत असावं, एवढंच माझं काम. त्यातून जे दिसलं ते सांगते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखाना कोणता ते बाबा ठरवतात, डिंकाचे लाडू आई वळते, बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात. यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, सगळं आपोआप होतं. जर्मनीतही यातलं बरंच काही मिळतं, आणि ते कायद्याने मिळतं. पण ते आपणहून दारात येत नाही. मागावं लागतं, आणि वेळेत मागावं लागतं. उशीर झाला की नडतं.

पहिली वेळ येते ती विमानात बसण्याआधी. तेव्हा बाळाचा विचारही नसतो. नवऱ्याला नोकरी लागलेली असते आणि नोकरीच्या कागदांत एक प्रश्न असतो: सरकारी विमा की खासगी?

सरकारी म्हणजे इथली 'क्रांकेनकासे'. पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी आणि वर थोडी जादा वर्गणी, त्यातली निम्मी मालक भरतो. बायकोची स्वतःची फारशी कमाई नसेल, तर ती आणि मुलं एक पैसाही जास्त न भरता याच विम्यात येतात. त्यात गरोदरपणासाठी थांबायची अट नाही. ती आज गरोदर असली तरी आजपासून विमा लागू. कार्ड तिच्या स्वतःच्या नावाचं असतं.

खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता. तब्येत विचारून, तपासून घेतात. नवऱ्याने खासगी विमा घेतला असेल आणि बायको आधीच गरोदर असेल, तर कंपनी तिला नाकारू शकते. आणि घेतलं, तरी बाळंतपणासाठी आठ महिन्यांपर्यंत थांबायची अट घालायला कायद्याची मुभा आहे. म्हणजे पहिल्या महिन्यात दिवस गेले, तर हिशेब तुम्हीच करा.

खासगीचा पर्याय सगळ्यांना नसतो. पगार एका ठरावीक रेषेच्या वर असेल तरच नोकरदाराला तो मिळतो. २०२५ मध्ये ही रेषा वर्षाला ७३,८०० युरो होती, ती दरवर्षी बदलते. आपली सॉफ्टवेअरमधली पुष्कळ मुलं या रेषेच्या वर असतात. तरुण, एकटा, तब्येत ठणठणीत, म्हणून त्याला खासगी हप्ता कमी दिसतो आणि तो सही करून मोकळा होतो. बायको सहा महिन्यांनी येते. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या माणसाचा पगार रेषेच्या वर असला, तरी त्याला सरकारी विम्यात स्वतःहून जाता येतं. मात्र त्यासाठी पहिले तीनच महिने असतात. ते गेले की परत फिरणं फार अवघड.

माझ्या ओळखीत एका मुलीवर हीच वेळ आली. नवरा खासगी विम्यात, ती नुकतीच आलेली, व्हिसासाठी काढलेला प्रवासी विमा हातात. दिवस गेले. व्हिसाच्या या विम्यांत बहुधा अपघात आणि तातडीचं दुखणं धरलेलं असतं, नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्या नसतात. नवऱ्याच्या कंपनीने तिला घ्यायला नकार दिला. ती मला म्हणाली, "ताई, मी परत जाते." खासगी कंपन्यांना एक मूळ योजना मात्र कुणालाही नाकारता येत नाही. ती होती, पण तिचा हप्ता ऐकूनच दोघांचे डोळे पांढरे झाले. शेवटी वाट निघाली ती नोकरीतून. इथे छोट्या नोकरीच्या कमाईची एक मर्यादा आहे. त्याच्या वर पगार गेला, की तुम्ही स्वतःच्या हक्काने सरकारी विम्यात येता, गरोदर असलात तरी. तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी होतीच. तिने एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम धरलं आणि तिचं कार्ड आलं. पण ते मधले सात आठवडे ती नीट झोपली नाही. म्हणून मुलींनो, नवऱ्याच्या ऑफर लेटरमधला विम्याचा रकाना तुम्हीही वाचा. तो तुमचाही कागद आहे.

दुसरी वेळ, पहिले काही आठवडे. चाचणी होकारार्थी आली की स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायची. नवे पेशंट घेत नाही असं दोन-तीन ठिकाणी ऐकावं लागेल, त्याने खचायचं नाही. गरोदरपण पक्कं झालं की एक छोटी वही मिळते, 'मुटरपास'. पश्चिम जर्मनीत ही १९६१ पासून आहे. आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डासारखीच. रक्तगट, रक्ताच्या तपासण्या, वजन, रक्तदाब, बाळाची वाढ, सगळं त्यात. ही वही सतत पर्समध्ये हवी. रात्री-बेरात्री ११२ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी लागली आणि तुम्हाला जर्मन येत नसलं, तरी तुमच्या वतीने ती वही बोलते.

तपासणी आधी दर चार आठवड्यांनी आणि ३२ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. सोनोग्राफी विम्यात तीन वेळा. आपल्याकडे जास्त वेळा होते, म्हणून इथे दुर्लक्ष होतंय असं आईला फोनवर वाटतं. तसं नसतं. काही अडचण दिसली तर डॉक्टर जास्त करतात, आणि विमाच पैसे देतो.

पण काही गोष्टी तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येतीलच असं नाही. गरोदरपणातल्या साखरेची तपासणी इथे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. दक्षिण आशियाई बायकांमध्ये हा धोका जास्त असतो. घरात मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत सांगा आणि लवकर तपासायला सांगा. थॅलेसेमिया आणि सिकल सेलची तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होत नाही. विदर्भातल्या, खानदेशातल्या मुलींनी, ज्यांच्या घरात असा कुणी आहे त्यांनी, हे आवर्जून बोलायचं. तुम्ही शाकाहारी असाल तर तेही सांगा, म्हणजे बी-१२ आणि लोह बघतील. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या सरसकट देतात, इथे कमतरता दिसली तरच.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगायला बंदी आहे. इथे गर्भधारणेनंतरचे १२ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टर सांगू शकतात. मग फोनवरून विचारणा सुरू होते. मी मुलींना एवढंच सांगते, "आम्हाला सांगू नका" असं डॉक्टरांना आधीच म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. जे आपल्याला माहीतच नाही, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता हेबामे. हेबामे म्हणजे सुईण, पण शिकलेली, परवान्याची. आपल्याकडे जो डॉक्टर तपासतो तोच बहुधा बाळंतपण करतो. इथे तपासणारा डॉक्टर वेगळा, आणि बाळंतपण हॉस्पिटलात, त्या वेळी जे ड्यूटीवर असतील त्यांच्या हातून. पण प्रत्येक बाळंतपणाला हेबामे हजर असलीच पाहिजे, असा कायदा आहे. आणि बाळ घरी आल्यावर ती घरी येते. पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोज, नंतर १२ आठवड्यांपर्यंत अधूनमधून. बाळाचं वजन करते, नाळ बघते, टाके बघते, दूध पाजायला शिकवते. रडायला आलं तर ऐकून घेते. सरकारी विम्यात याचा खर्च तुमच्यावर नाही.

माहेर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? फक्त इथलं माहेर आधी बुक करावं लागतं. शहरांत हेबामे कमी आणि बाळं जास्त. सातव्या महिन्यात शोधायला निघालात तर मिळणार नाही. चाचणी केली त्याच आठवड्यात फोन लावायला सुरुवात करा. वीस ठिकाणी नकार येईल, एकविसावी हो म्हणेल.

नोकरी करत असाल तर मालकाला कळवा. कळवल्यापासून संरक्षण आहे. बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत तुम्हाला सहजासहजी काढता येत नाही. तारखेच्या आधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे रजा, जुळं असेल किंवा बाळ लवकर आलं तर नंतरचे बारा. या काळात विमा आणि मालक मिळून साधारण हातात येणाऱ्या पगाराएवढे पैसे देतात.

तिसरी वेळ, बाळ येण्याआधी कागद. जन्मनोंदणीला आईवडिलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो, शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेल्या भाषांतरासह. इथे आपली मंडळी अडकतात. आपले जन्मदाखले बारशाआधी झालेले. कित्येकांच्या दाखल्यात नावाचा रकाना कोराच! पासपोर्टवर एक नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. पाचव्या महिन्यातच ते दाखले काढून बघा आणि भावाला नगरपालिकेत पाठवून दुरुस्त करून घ्या.

बारशाची काळजी करू नका. हॉस्पिटलात नाव लगेच विचारतात, पण कायद्याने ते कळवायला एक महिना मिळतो. बाराव्या दिवशी खुशाल पाळणा सजवा. पुढच्या तीन तारखा मात्र फ्रिजवर चिकटवा. बाळाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांत. भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एका वर्षात, कारण जर्मनीत जन्मलं म्हणून आपलं बाळ आपोआप जर्मन होत नाही. आणि पालकभत्त्याचा अर्ज लवकर, कारण मागचे पैसे तीनच महिन्यांचे मिळतात.

आता, "भारतात जाऊ का बाळंतपणाला?" जावंसं वाटलं तर जरूर जा, आईच्या हातच्या भाताला पर्याय नाही. पण हे धरून चला की इथला सरकारी विमा भारतातल्या बाळंतपणाचे पैसे देत नाही, आणि भारतातल्या पॉलिसींत बाळंतपणासाठी बहुधा मोठी प्रतीक्षा असते. २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात. नाहीतर आईला बोलवा. तिच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. तारखेच्या आधी महिनाभर बोलावून ते संपवू नका. तुम्हाला ती खरी लागते ती बाळ घरी आल्यावर.

आणि जर्मनची भीती वाटत असेल, तर आज एकच वाक्य पाठ करा: "इश झूखे आइने हेबामे." मी हेबामे शोधते आहे. पहिल्या फोनवर जीभ अडखळेल, पाचव्यापर्यंत सरावेल. आणि समोरची बाई जर्मनमध्ये पुढे काहीतरी विचारेल, तेव्हा घाबरून फोन ठेवू नका. ती तारीख विचारत असते.