गरज, हौस आणि जूनमधली खरेदी

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग पुढे ऐका.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मुलुंड किंवा बोरिवली स्टेशनबाहेर एक चक्कर मारा. दप्तरं, रेनकोट, डबे टांगलेले, आणि त्यांच्याखाली हटून बसलेलं एखादं पोर. आई म्हणते, "गरज आहे का तुला याची?" पोर म्हणतं, "हो!" आणि ते खोटं बोलत नसतं. वर्गात सगळ्यांकडे चित्रवालं दप्तर आहे, आपल्याकडेच नाही, हे सात वर्षांच्या जिवाला खरंच बोचतं. म्हणून "हे फालतू आहे" म्हणून विषय उडवू नका. त्याला म्हणावं, ही तुझी हौस आहे. हौस वाईट नसते, फक्त तिचा नंबर नंतर लागतो.

मी भाच्याला घेऊन जाते तेव्हा घरूनच यादी करून निघतो. एकीकडे "नसलं तर अडेल", दुसरीकडे "नसलं तरी चालेल". रेनकोट पहिल्यात, कारण मुंबईचा जून. मग डब्यासाठी ३०० रुपये रोख त्याच्या हातात. साधा डबा १८० ला मिळाला तर उरलेले १२० त्याचे. काय सांगू, दुकानदाराशी घासाघीस करायला लागला पठ्ठ्या!

रोखच का? स्कॅन केलं, टिंग वाजलं, की मुलाला वाटतं फोनमधून वस्तू येतात. पैसे कमी होताना दिसतच नाहीत. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ पासून किडझानिया आहे ना, तिथे मुलं खोटी खोटी नोकरी करून 'किडझो' नावाचे पैसे कमावतात. स्वतः कमावलेला किडझो खर्च करताना तीच मुलं कशी विचारात पडतात ते बघा. अर्थात आत जायला तिकीट खऱ्या पैशांचं लागतं, ते आईबाबांच्या खिशातून!

आणि हो, उलटतपासणीची तयारी ठेवा. भाच्याने मला विचारलंच, "मावशी, तुझा नवा हेडफोन कुठल्या बाजूला?" म्हटलं, "हौस. चार महिने पैसे साठवून केलेली." त्याने चार महिने बोटांवर मोजले. ऑक्टोबर आला. "मग तोवर जुनंच दप्तर," म्हणाला, आणि १२० रुपये माझ्याकडे जमा केले. हिशेब लिहून घेतला, वर माझी सहीसुद्धा!

तुमच्या घरी काय चालतं? व्हॉइस नोट पाठवा.