शाईतील वृक्ष आणि अड्यारचा वड



तुकोबांनी वृक्षवेलींना आप्त मानले. प्राचीन चिनी चित्रकारांनी तर वृक्षाला शीलवंत माणसाच्या ठायी कल्पिले. काळ्या शाईच्या गडदफिकट छटांतून त्यांनी निसर्गचित्रे रेखाटली. त्यांतील झाडे केवळ शोभेसाठी नव्हती. पाइन, बांबू आणि थंडी सरण्यापूर्वीच निष्पर्ण फांदीवर फुलणारा प्लम हे त्यांचे 'हिवाळ्यातील तीन मित्र'. पाइन हिमातही हिरवा राहतो, म्हणून तो निष्ठेचे प्रतीक. बांबू आतून पोकळ, म्हणून निरहंकारी. शिवाय त्याच्या पेराला चिनी भाषेत जो शब्द आहे, तोच सचोटीलाही आहे.

१२७९ साली सुंग घराण्याचा अस्त होऊन साऱ्या चीनवर मंगोलांची सत्ता आली. तेव्हा अनेक विद्वानांनी मनातले शल्य कुंचल्याच्या स्वाधीन केले. जंग स-श्याओ याने १३०६ मध्ये ऑर्किडचे रोप काढले. त्याच्या मुळांशी मातीच नाही. भूमीच परक्यांनी हिरावली, असा त्याचा अर्थ सांगतात. १३४५ मध्ये नी त्सान याने नदीकाठच्या खडकाळ तुकड्यावर सहा वृक्ष उभे केले. मागे विस्तीर्ण पाणी, दूर टेकड्या. माणूस एकही नाही. ज्येष्ठ चित्रकार हुआंग कुंगवांग याने त्यावर लिहिलेल्या काव्यपंक्तींमुळे ते चित्र 'सहा सज्जन' म्हणून ओळखले जाते. एकाकी, तरीही ताठ उभे राहणे हाच त्या वृक्षांचा सद्गुण.

मद्रासेत, आजच्या चेन्नईत, वाढणाऱ्या मराठी मुलांचा विचार करताना ही चित्रे मला आठवतात. आपली नातवंडे अंगणात तमिळ बोलतात, शाळेत इंग्रजी. मराठी घरापुरती उरते, आणि कधी तीही आजीपुरतीच. मग आपण मातीविना ऑर्किड ठरतो काय? मला तसे वाटत नाही. आपली भूमी कोणी हिरावलेली नाही, आणि या भूमीने तर १६७६ पासून तंजावरात मराठी राज्य व मराठी वाङ्मय नांदताना पाहिले आहे.

अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या उद्यानातील पुरातन वड आपण सर्वांनी पाहिला आहे. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले. झाड मात्र जगले, कारण पारंब्या आधीच या मातीत रुजून खोडे बनल्या होत्या. नातवंडांच्या तमिळची म्हणूनच खंत नको. ती त्यांची माती आहे. परंतु पारंबीतून वाहणारा रस वडाचाच असावा लागतो. तो पोहोचविण्यासाठी घरात रोज मराठी बोलणे आणि मंडळात मुलांना मराठी वाचावयास शिकविणे, एवढे तरी आपण करावे, ही विनंती.