चूक दुसऱ्याची, हप्ता कोणाचा?



आपले घोडेगाव रस्त्यावरचे गाव. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मोठा रस्ता येथूनच जातो. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या येथेच वळतात. जनावरांच्या बाजाराला लांबलांबचे टेंपो येतात. अशा ठिकाणी आपण जपून चाललो, तरी दुसऱ्याची धडक बसू शकते. म्हणून आज आम्ही गाडीच्या विम्याविषयी बोलणार आहोत.

समजा, वडिलांच्या नावावर मोटार आहे. वीस वर्षांचा मुलगा ती चालवतो. त्याच्याजवळ परवाना आहे. फाट्यावर तो गाडी थांबवून उभा आहे. मागून दुसरी मोटार येते आणि धडकते. मुलाची काडीची चूक नाही. तरी लोक म्हणतात, "पोरगं तरुण आहे. आता हप्ता वाढणारच." यात खरे किती?

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग सक्तीचा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले, तर हा विमा ते भरून देतो. मोटारीसाठी त्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. चालवणारा वीस वर्षांचा की साठ, हे त्यात पाहत नाहीत.

दुसरा भाग आपल्या मर्जीचा. आपल्याच गाडीचे नुकसान झाले, तर तो भरून देतो. खरी मेख इथेच आहे, बरं का!

वर्षभरात या भागातून पैसे मागितले नाहीत, तर पुढच्या हप्त्यात सवलत मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. पण एकदा पैसे घेतले की सवलत शून्यावर येते. चूक कोणाची, हे तेथे पाहत नाहीत. पैसे घेतले का, एवढेच पाहतात. ही सवलत मालकाच्या नावावर असते. धडक बसली मुलाला, सवलत गेली बापाची!

आता हिशेब करू. या भागाचा पूर्ण हप्ता ८,००० रुपये आणि तो दरवर्षी तेवढाच राहिला, असे धरू. निम्मी सवलत असल्याने वडील ४,००० भरतात. दुरुस्तीला ६,००० लागले. ते आपल्याच विम्यातून घेतले. पुढे पाच वर्षे भरावे लागतील ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४००. बेरीज झाली ३०,०००. सवलत टिकली असती, तर २०,००० भरले असते. म्हणजे सहा हजार घेतले आणि दहा हजार घालवले.

मग करावे काय? दुसऱ्याचा बैल आपल्या ज्वारीत शिरला, तर भरपाई बैलवाल्याकडेच मागतो ना? तसेच येथे. धडक देणाऱ्या गाडीच्या सक्तीच्या विम्यातून भरपाई मागावी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तसा दावा करता येतो. त्याने आपली सवलत जात नाही. मात्र वेळ लागतो. नुकसान लाखाच्या घरात असेल, तर आपल्या विम्यातून पैसे घेणेच बरे. तेव्हा दुरुस्तीआधी कंपनीला कळवावे.

दाव्याला पुरावा लागतो. आधी जखमींना दवाखान्यात न्यावे. दुसऱ्या गाडीचा नंबर लिहून घ्यावा. फोटो काढावेत. साक्षीदारांची नावे टिपावीत. पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्यावा. २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर करू नये.

माणसाच्या जिवाचा कायदा निराळा आहे. मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, ही भरपाई गाडीवाल्याची चूक सिद्ध न करताही मागता येते.

पण धडक देणाऱ्याचा विमाच नसेल तर? मग त्याच्या खिशातून वसुली करावी लागते. ती फार कठीण. आपल्या गाडीमुळे दुसऱ्यावर अशी पाळी येऊ नये. नव्या दुचाकीचा सक्तीचा विमा पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीचा तीन वर्षांचा, असा नियम २०१८ मध्ये आला. ती मुदत संपली की लोक विसरून जातात. मुदत संपून ९० दिवस गेले, तर साठलेली सवलतही जाते.

तेव्हा घरी गेल्यावर विम्याचा कागद काढा. आता आपल्याला वाचता येते. विमा एका भागाचा की दोन्ही भागांचा, मुदत कधी संपते, सवलत किती, हे स्वतः वाचा. गाडी चालवणाऱ्या मुलामुलींनाही वाचून दाखवा.