कुंडी आपली, डोकं दुसऱ्याचं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, सगळ्यांचं अभिनंदन! सेक्रेटरींनी 'विम्यावर बोला, पण जेवणाआधी संपवा' अशी अट घातली आहे. माझी सगळी नोकरी विम्यात गेली, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

घराचा विमा आपण काढतो तो स्वतःच्या नुकसानीसाठी. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आग, भूकंप, पूर यांत आपल्या घराचं झालेलं नुकसान भरून देते. पण आपल्या गॅलरीतली कुंडी पडून खाली कुणाचं डोकं फुटलं तर? वॉशिंग मशीनचा पाइप सुटून खालच्यांचं फर्निचर फुगलं तर? ही भरपाई मूळ पॉलिसीत येत नाही. त्यासाठी त्रयस्थांप्रती दायित्वाचं, म्हणजे थर्ड पार्टीचं, संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. गाडीला ते सक्तीचं आहे म्हणून आपण न चुकता घेतो. घराला सक्ती नाही, म्हणून कुणी विचारतही नाही.

'आम्हाला कुठे माहीत होतं' हे कोर्टात चालत नाही बरं का. दिल्लीत चांदणी चौकातलं जुनं घंटाघर कोसळून माणसं दगावली. दोष वरून दिसत नव्हता, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो फेटाळला. रस्त्यालगतची इमारत सुस्थितीत राखणं हे मालकाचं कर्तव्यच, असं ठरलं.

आपल्यातल्या काहींची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडे घराच्या आणि गाडीच्या पॉलिसीतली दायित्वाची मर्यादा संपली की त्यावर 'पर्सनल अम्ब्रेला' पॉलिसी कामी येते, सहसा दहा लाख डॉलरपासून पुढे. रविवारी फोन आला की विचारा, घेतली आहे का?

इथे आपण काय करायचं? आपली इमारत पंचविशीत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा. ते आधी. मग सोसायटीच्या विमा कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारू:

१. आपल्या पॉलिसीत थर्ड पार्टी दायित्व आहे का, आणि किती रकमेपर्यंत?
२. लिफ्ट, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत त्यात धरली आहे का?
३. वॉचमन, सफाई कामगार कामावर जखमी झाले तर काय? कर्मचारी भरपाईचा विमा वेगळा असतो.

फ्लॅटच्या आतल्या गोष्टींची चौकशी मात्र ज्याची त्याने करायची.

विमा पैसे देईल, पण गेटाशी उभा असलेला कुरिअरचा मुलगा परत देणार नाही. म्हणून कठड्यावरच्या कुंड्या आजच आत घ्या. आमच्या सौ.च्या तुळशीसकट!

चला, पानं वाढली आहेत.